मधल्या मापाची गाडी

लोक विचारतात, काउंटरवर कोपर टेकून,
"मधल्या मापाच्या पिकअपला डिझेल परवडतं का रे, एल्डन?"
मी फिल्टरच्या रिकाम्या खोक्याचं झाकण फाडतो
आणि कानावरची पेन्सिल काढतो.

घेतानाच चार हजार डॉलर जास्त.
पंपावर गॅलनमागे साठ-सत्तर सेंट.
गॅलनला सात मैल अधिक, कबूल,
पण वर युरियाचे डबे, महाग तेल, दोन-दोन फिल्टर,
आणि जानेवारीत, उणे तिसावर,
टाकीतलं डिझेल चरबीसारखं थिजतं
नि मालक बसतो हात चोळत.
वसूल व्हायला तेरा वर्षं.
तोवर वायोमिंगचं मीठ टाकलेला रस्ता
गाडीचा पत्रा खाऊन मोकळा.
मागे बारा गुरांचा ट्रेलर असेल तर मोठा ट्रक घ्या, गोष्ट वेगळी.
इथं चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

वर्षाला चाळीस जण हे झाकण घेऊन जातात.
तीस पेट्रोल घेतात.
उरलेले दहा
आधीच डिझेल घेऊन मग विचारायला आलेले असतात.

ऑरिन स्टकी त्या दहांतला.
नालबंद. मागे ऐरण, गॅसची भट्टी, नालांच्या पेट्या,
त्यामागे दोन घोड्यांचा ट्रेलर,
शेजारी एक कुत्रं, ज्याला त्यानं नाव दिलं नव्हतं.
दिवसाला दोनशे मैल.
बिगहॉर्नचा घाट तो बोलत बोलत चढायचा.
मोठा ट्रक तबेल्यापाशी वळत नाही, म्हणायचा,
आणि पेट्रोलचं इंजिन चढाला किंचाळतं,
घोडी बिचकतात.
त्याचा हिशेब माझ्या झाकणावर मावायचा नाही.

मार्चमध्ये गेला. लाथ लागून नव्हे,
गावानं तेच धरलं होतं मनात;
झोपेत, मोजे घातलेले.
गाडी व्हर्नाकडे आली.

व्हर्नाचं जग तीन मैलांचं:
टपाल, किराणा, चर्च, घर.
जूनमध्ये डॅशबोर्डवर पिवळा दिवा.
जुलैत पुन्हा.
ऑगस्टमध्ये गाडी धापा टाकत माझ्या दारात.
मी फिल्टर काढून दाखवला. काजळीनं गच्च.

"इंजिन तापतच नाही," म्हणालो,
"तापल्याशिवाय काजळी जळत नाही.
थोडं थोडं चालवलं की आतल्या आत साचत जाते."
ती फिल्टरकडे बघत राहिली,
फिल्टरकडे कुणी बघतं त्याहून जास्त वेळ.
"मग?"
"विकून टाका. नाहीतर आठवड्यातून एकदा
हायवेला न्या, साठच्या वर,
चाळीस मिनिटं, न थांबता."
मला वाटलं, विकेल. पुतण्यानं गिऱ्हाईकही आणलं होतं.
तिनं बिल भरलं, चिल्लर मोजून.

आता दर गुरुवारी जाते,
गॅरेजसमोरून, कॅस्परच्या रस्त्याला.
ऐरण अजून मागेच; एकटीला उतरवता येत नाही,
कुणाला सांगतही नाही.
शेजारी ते बिननावाचं कुत्रं.
कुठं जाता, विचारलं.
"चाळीस मिनिटं जाते. यायलाही तेवढीच लागतात."
मग ग्लोव्ह घालता घालता म्हणाली,
विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला इंजिनाचा सूर बदलतो,
जळकट वास येतो थोडा,
"तेव्हा मीही जरा मोठ्यानं बोलते.
काय, ते विचारू नकोस."

परवा एक पोरगा आला. कोपर, काउंटर, तोच प्रश्न.
झाकण फाडलं, आकडे मांडले, तेरा वर्षं.
पेन्सिल तशीच धरून त्याला विचारलं,
"रोज जातोस किती लांब?"
"गावातल्या गावात."
"पेट्रोल घे."
त्यानं झाकण घडी करून खिशात घातलं,
आणखी काही विचारत होता, मायलेजचं असावं.
माझं लक्ष नव्हतं. गुरुवार होता.
डिझेलचं एवढं आहे,
दिसायच्या आधी ऐकू येतं.